उकळलेल्या वाइनचा वास

रविवार, संक्रांत होऊन आठवडा झालेला. दुपारचे चार. साताऱ्यात, आमच्या घराची मागची गॅलरी.

हजर: मी. माझे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तासगावकडचा द्राक्षबागायतदार. वहिनी. आणि शेजारची मैत्रीण, माहेर सांगलीचं, हळदीच्या व्यापाऱ्याचं जैन घर. ती पीत नाही, फक्त वास घेते. शिवाय एक बाटली, लाल, दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची, बूच नसलेली, फिरकीच्या झाकणाची. भडंग, खारे शेंगदाणे, काकडी. यजमानांच्या हट्टाखातर कंदी पेढे. ते वाइनबरोबर अजिबात चालत नाहीत हे तीनदा सिद्ध झालं आहे, तरी ते आणतात.

चारची वेळ मैत्रिणीमुळे. ती दिवस मावळायच्या आत जेवते. आणि तिच्या नाकाशिवाय या बैठकीत मजा नाही हे आम्हाला लवकरच कळलं होतं.

बैठक का सुरू झाली ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी दादाला ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. गोड, आंबट, खारट, तिखट जिभेला कळतं; पण चहात आलं घातलंय की नाही ते कळत नाही, दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. नोकरदार माणसाचं यात फारसं अडत नाही. दादाचं अडलं. द्राक्षावर भुरी येते, म्हणजे घडावर पांढरट पूड धरते आणि माल जातो. दादाला ती दिसायच्या आधी कळायची. सकाळी दव असताना मांडवाखालून चालायचा, मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "हितं हाय." बाकीच्यांना काही दिसायचं नाही. दोन-तीन दिवसांनी तिथेच दिसायची. मी लहानपणी त्याच्या मागे मागे फिरून हुंगून बघितलं आहे. मला फक्त ओल्या मातीचा वास यायचा. तो म्हणायचा, कुबट येतो, जरासा सुक्या मासळीसारखा.

गेल्या हंगामात तो त्याच ओळींतून रोज चालला आणि त्याला काही कळलं नाही. भुरी डोळ्यांना दिसली तेव्हा विहिरीकडची बाजू हातातून गेली होती.

तेव्हापासून बाग खंडानं, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, द्यायचं बोलणं सुरू झालं. बांधाला बांध असलेला शेजारी तयारच बसला होता. या हंगामाचा माल उतरायच्या आत त्याला हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं. वहिनींना ते नको होतं. त्या जास्त बोलायच्या नाहीत. "बाग दिली तर ह्ये सकाळी उठून जाणार कुठं?" एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ चार उग्र वासाच्या वस्तू नाकाशी धरायच्या. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल, असं काहीही. नाकाला सराव दिला तर काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. दादानं आठवडाभर केलं.

"लवंगा हुंगत बसाय मी काय देवरशी हाय?" म्हणाला आणि सोडून दिलं.

वाइन मध्ये आली ती माझ्यामुळे. मी शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. एखादा माल काय आहे, कशाचा आहे, कुठे लागतो, हे माहीत नसलं की मला चैन पडत नाही. आणि मी जन्माची द्राक्षाच्या घरातली, द्राक्ष खाल्लं, बेदाणा निवडला, द्राक्षाच्या पेट्या भरल्या; वाइन कशी लागते ते मात्र पन्नाशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. आमच्या घरात कॅन्टीनची रम होती, ती यजमानांची आणि त्यांच्या मित्रांची. बायकांचा तिच्याशी संबंध शेंगदाणे भाजून देण्यापुरता. गेल्या दिवाळीत मी एक स्वस्तातली बाटली आणली, फक्त बघायला. भाऊबीजेला दादा-वहिनी आले तेव्हा ती ओट्यावर दिसली.

थोरल्या भावासमोर बहिणीनं हातात ग्लास धरायचा, हे आमच्याकडे बसणारं नाही. मी बाटली फडताळात ठेवायला निघाले. दादा म्हणाला, "असू दे गं. आपलंच पीक हाय." मग त्यानं आपली खुर्ची उचलली, किल्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. माझा पहिला घोट होईपर्यंत तो तसाच बसून होता. मग म्हणाला, "झालं? फिरू का आता?"

त्यानं स्वतःचा ग्लास घेतला आणि प्यायच्या आधी नाकाशी नेला. आम्ही सगळे बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. द्राक्षाची कुठलीही गोष्ट हुंगल्याशिवाय तोंडात घालायची त्याला सवयच नाही. वास काही आला नाही. पण तो हुंगत राहिला, ग्लास फिरवून, झाकून, पुन्हा उघडून. "ह्यात काय आसंल?" असं दोनदा म्हणाला. लवंगेबद्दल त्याला असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "वन्सं, ही बाटली किती दिवस टिकती?"

टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी नवी. कधी ते साताऱ्याला येतात, कधी आम्ही तिकडे जातो. बाटली नेहमी खालच्या फळीवरचीच, कारण आम्हाला चांगली कुठली ते कळत नाही आणि हुंगण्यापुरती ही पुरते.

आमची पद्धत अशी: ओतायचं, प्रत्येकानं आधी वास घ्यायचा, काय वाटलं ते बोलायचं, मग प्यायचं. यात मला जे दिसलं ते असं, की प्रत्येकाला आपापल्या घरातलाच वास येतो. यजमानांना बुटाच्या पॉलिशचा आला. वहिनींना जांभळाच्या झाडाखालचा, फळं पडून चिरडलेली असतात तसा. मला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, म्हणजे जुलैतल्या माझ्या स्टोअरचा. मैत्रिणीनं डोळे मिटून पुन्हा एकदा वास घेतला आणि म्हणाली, "पेव उघडल्यावर येतो तो." सांगलीकडे पूर्वी हळद जमिनीखालच्या खोल पेवात साठवत. तिनं ते लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेलं.

"अगं, पण तू पीत नाहीस आणि इतकं हुंगतेस, ते चालतं का?" मी विचारलं.

"हुंगल्यानं काय होतंय? रस्त्यानं जाताना गटाराचाही वास येतोच की," ती म्हणाली. "फक्त सासूबाईंना सांगू नकोस. त्या म्हणतील, गटाराला तू नाक लावून बसत नाहीस."

एकाच ग्लासात पॉलिश, जांभूळ, पुठ्ठा आणि हळद कशी काय मावतात, हे मला अजून कळलेलं नाही. खायच्या द्राक्षाला तर वास जवळजवळ नसतोच.

दादाचा रकाना मात्र दर वेळी रिकामा. तो आमचं सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि म्हणायचा, "आंबट हाय. तुरट हाय. म्होरं काय न्हाई."

तर हा संक्रांतीनंतरचा रविवार. बागेत मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायला, लागलं होतं. आठवडाभर आभाळ भरून येत होतं, आणि अशा हवेत भुरी धरते. दादा अस्वस्थ होता. एका घोटानंतर त्यानं खिशातून साखर बघायचं मीटर काढलं. द्राक्षवाले ते खिशात ठेवतात: लहान दुर्बिणीसारखी नळी, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, आत आकडा दिसतो. नाक गेल्यापासून दादा या नळीला फार मानायला लागला होता. जिभेला गोड लागलं तरी आधी नळीत बघायचा.

त्यानं वाइनचा थेंब टाकला आणि नळी आभाळाकडे धरली.

"सात," तो म्हणाला.

"सात काय?"

"साखर. सात." त्यानं पुन्हा घोट घेतला. "पण गोड तर काडीचं न्हाई. तुमास्नी लागतंय?"

कुणालाच लागत नव्हतं. वहिनींनी नळी घेतली. सात. यजमानांनी चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं. सात.

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणाले.

"काल बागंत बराबर दावत हुतं." दादाला ते लागलं. "माझी जीभबी गेली म्हना की आता. नाक गेलं, आता जीभ."

हे तो हसत म्हणाला, पण वहिनी हसल्या नाहीत.

यजमान उठून आत गेले आणि रमची बाटली घेऊन आले. "दादा, एक थेंब हिचा टाका. हिच्यात साखर नसते हे मी सव्वीस वर्षांच्या सर्व्हिसवरून सांगतो."

टाकला. दादा बघतच राहिला. "सोळाच्या वर."

"सोळा? मग इतकी वर्षं मी उसाचा रस पितोय काय?"

"दाजी, तरीच म्हनलं, तुमी पिऊन उठला की गोड बोलताय," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मग मैत्रीण म्हणाली, "थांबा, थांबा. रम जास्त कडक, तर आकडा जास्त. म्हणजे मीटर साखर बघतच नाहीये. त्यातल्या दारूला फसतंय."

"कशावरून?"

"दारू काढून टाका आणि बघा."

दारू कशी काढायची? उकळून. हे वहिनींनी सांगितलं, आणि लगेच उठल्याही. मी मापाचा कप दिला. एक कप वाइन पातेल्यात, मंद आचेवर, निम्म्याहून कमी होईपर्यंत. मग आटली तेवढं पाणी घालून पुन्हा एक कप करायचा, गार करायचा, आणि थेंब टाकायचा. आमच्या घरात इतक्या शिस्तीनं आमटीही होत नाही. मैत्रीण पातेल्याजवळ उभी राहिली आणि यजमान "आग लागेल, मागे सरा" असं सांगत दारात. दादा एकटाच गॅलरीत बसून होता, मीटरची काच शर्टाच्या टोकानं पुसत.

पातेलं खदखदायला लागलं. सुरुवातीला वाफ नाकात शिरून चुरचुरली. मग ते थांबलं आणि वास बदलला, जड झाला, गोडसर झाला.

गॅलरीतून दादा म्हणाला, "कशात मनुका घातल्यास काय गं?"

वहिनींचा हात पातेल्यावर थांबला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. घातल्या नव्हत्या.

"आवं, काय म्हनला?" वहिनींनी विचारलं.

तो दारात आला. "मनुका. न्हाई, मनुका न्हाई. बेदाना शेडवर माल टाकल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी... आता न्हाई येत. आला हुता. गेला."

वहिनी गॅस बंद करायला विसरल्या, मी केला. यजमान आधी भानावर आले. पलटणीची सवय. "बसा सगळे. टेस्ट घेऊ."

मैत्रिणीनं मात्र हात वर केला. "दादा, राग मानू नका. तुम्हाला ठाऊक होतं ना, आत द्राक्षाची वाइन उकळतेय?"

"व्हय."

"मग तो नाकाला आला की डोक्याला?"

दादानं नाक चोळलं. त्याला राग आला नाही. उलट हा प्रश्न त्याला आवडला असं वाटलं. "खरं हाय. म्हयसूर पाकाचं नाव काढलं तरी मला आतनं वास येतो. त्यो हाय का ह्यो, कसं सांगू?"

म्हणून टेस्ट. यजमानांनी चार स्टीलचे पेले घेतले, प्रत्येकावर रुमाल टाकला. एकात पाणी, एकात वाइन, एकात रम, एकात मघाची उकळलेली. दादानं डोळे मिटायचे. पेले कुठल्या क्रमानं येणार ते फक्त मला आणि यजमानांना माहीत.

पहिला पेला वाइनचा होता. दादा म्हणाला, पाणी.

दुसरा रमचा. ओळखला. "हां, ही लागली नाकाला!"

"लागली म्हणजे वास आला की झोंबली?" मैत्रीण.

"झोंबली."

"मग तो वास नव्हे. मिरची डोळ्यालासुद्धा झोंबते."

"ह्यांच्या माहेरी हळद तोलायला कसला काटा वापरतात देव जाणे," यजमान मला म्हणाले. "एक दाणा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत."

तिसरं पाणी. तो म्हणाला, "कळत न्हाई." चौथा पेला उकळलेल्याचा, आणि त्यावर तो फार वेळ राहिला. रुमाल वर-खाली होत होता. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"ह्यो मघाचा," तो शेवटी म्हणाला.

बरोबर. पण चारांतला उरलेला तोच होता, त्यामुळे यजमानांनी ते ग्राह्य धरलं नाही. क्रम बदलून पुन्हा घेतलं. या वेळी त्यानं पाण्याला पाणी म्हटलं, वाइनलाही पाणीच म्हटलं आणि उकळलेल्याला म्हणाला, "मघाचाच." तिसऱ्यांदा घेतलं, तर उकळलेल्यावरही "कळत न्हाई." तोपर्यंत ते गार झालं होतं. पुन्हा गरम करावं का, असं मी विचारलं, पण दादा दमला होता. "नाकाला घाम आला गं," म्हणाला.

मीटरचं करायचं राहिलंच होतं. गार झालेलं सगळं परत कपात ओतलं, पाणी घालून कप भरला आणि त्यातला थेंब टाकला. अडीच-तीन. म्हणजे मैत्रिणीचं खरं होतं. मीटर दारूला फसलं होतं, दादाची जीभ नव्हती फसली. त्यानं नळी खिशात ठेवली, आणि पुढे संध्याकाळभर काढली नाही.

मैत्रीण जेवायला घरी गेली. उरलेली वाइन आम्ही चौघांनी संपवली, भडंगासकट. निघताना वहिनी मला म्हणाल्या, "ते उकळल्यालं बाटलीत भरून द्या." पाण्याच्या बाटलीत भरून दिलं.

बुधवारी सकाळी, मी शिरवळच्या बसमध्ये असताना, दादाचा फोन आला. तो बागेतच होता.

"विहिरीकडनं तिसरी वळ," तो म्हणाला. "मला हितं कायतरी येतंय."

"काय येतंय?"

"कुबट. पन पानावर काय न्हाई, घडावर काय न्हाई. चष्मा लावून बघितलं. पुढच्या वळीत न्हाई येत. परत आलो तर येतंय. मग वाटतंय, मीच आनतोय."

"वहिनींना हुंगायला सांग."

"तिला सर्दी झाल्या. आन् शेजारी उभा हाय हितंच, त्यो म्हनतोय काय न्हाई."

शेजारी म्हणजे बाग खंडानं मागणारा. मी म्हटलं, त्याचं नाक आपल्या कामाचं नाही. दादा म्हणाला, तेवढं त्यालाही कळतंय. पण प्रश्न नाकाचाच नव्हता. खरोखर भुरी असेल तर आजच फवारलं पाहिजे. नसेल आणि उगाच फवारलं, तर मण्यात पाणी उतरल्यावर औषधाचा अंश मालात राहतो आणि व्यापारी माल नाकारतो. खरा वास असेल तर बाग दादाकडे राहते. डोक्यातला असेल तर नाही. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. "काय करू सांग," एवढंच म्हणाला, आणि त्यानं मला असं कधी विचारलेलं मला आठवत नाही.

मी म्हटलं, आज फवारू नकोस, शेजाऱ्याला हो म्हणू नकोस. मी नाक घेऊन येते.

संध्याकाळी मैत्रिणीच्या दारात गेले. ती कुरडयांचं पीठ बघत होती.

"द्राक्षबागेत? वास घ्यायला?" ती म्हणाली. "मी भुरी आयुष्यात हुंगलेली नाही."

"पेवातली बिघडलेली हळद हुंगली आहेस ना?"

"ती ओळखते."

"मग तुझ्या नाकाला काही नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर तेवढंच सांग."

शुक्रवारी, म्हणजे उद्या, दिवस उगवल्यावर, दव असताना पोचायचं ठरलं. दादानं अजून फवारलेलं नाही आणि दिवसातून तीनदा ओळीकडे जातो, असं वहिनी सांगतात. त्यांची सर्दी कमी आहे, पण त्या म्हणतात, मला नका विचारू, मला वास यावा असंच वाटतंय, मग मला येणारच. गाडीत पेट्रोल भरलं आहे. बाटली घेतली आहे, खालच्या फळीवरचीच. बागेतून घरी आल्यावर, काहीही निघालं तरी, उघडायची. यजमानांनी पेढे घेतले आहेत.

मैत्रिणीला ओळ कुठली ते कळता कामा नये. तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवायचं, ती कुठे थांबते ते बघायचं, आणि दादानं तिच्या आसपास फिरायचं नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरून कुणालाही ओळ कळेल. त्यानं विहिरीवर, आमच्याकडे पाठ करून बसावं. हे त्याला आजच फोन करून बजावायला हवं. दोनदा नंबर लावला, पण थोरल्या भावाला पाठ फिरवून बस असं सांगायचं दोनदा तोंडाशी येऊन राहिलं, आणि त्याचा एकरभर ऊस कसा आहे तेवढं विचारून ठेवून दिला. तो फोन अजून करायचा आहे.